'तिरडी काढू' हे इंग्रजीत कसं लिहाल? राजकीय लेखन आणि फौजदारी खटला

दुभाष्या | रविवार, रात्री ९.४०

परवा भाचा विचारत होता, "मामा, मी राजकारणावर जे काय लिहितो त्यावरून मला उचलतील का?" मी त्यालाच विचारलं, "तुझ्या मराठीचं इंग्रजी कोण करणार, ते ठरलंय का?" त्याला वाटलं मामा टाळतोय. टाळत नव्हतो.

२२ वर्षं मी कोर्टाच्या कागदांची भाषांतरं केली. जिल्ह्याच्या कोर्टापर्यंत फिर्याद, पंचनामा, जबाब, जप्त केलेली पत्रकं, सगळं मराठीत असतं. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं की तिथला कारभार इंग्रजी. मग तो गठ्ठा आमच्यासारख्यांच्या टेबलावर येऊन पडतो.

असाच एक गठ्ठा आला होता. तालुक्याच्या गावात पाण्याच्या प्रश्नावर काढलेलं चार पानी पत्रक. पहिल्या तीन पानांत टँकरच्या फेऱ्या, विहिरींची यादी, तहसीलदारांना दिलेल्या निवेदनांच्या तारखा. चौथ्या पानावर एक वाक्य: "सोमवारी पालकमंत्र्यांची तिरडी काढू, शुक्रवारी जोडे मारू." फिर्यादीत काय आलं? एवढं एकच वाक्य. त्याखाली लाल शाईची रेघ. गुन्हा धमकीचा.

आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं की तिरडी म्हणजे दोन बांबू, गवताचा पुतळा, पुढे मडकं धरलेला एक कार्यकर्ता, आणि चौकात गळा काढून रडणारे पाचसहा जण. फोटो काढून झाला की सगळे चहाला. पण शब्दाला शब्द ठेवून इंग्रजी करा बघू. जिवंत माणसाच्या अंत्ययात्रेची तारीख जाहीर केल्यासारखं होतं. आणि शुक्रवारी त्याच माणसाला चपलांनी मारहाण!

माझं म्हणणं थोडक्यात असं की लेखन आहे तसं, सबंध, कोर्टापुढे क्वचितच उभं राहतं. त्याचा उतारा जातो, त्याचं भाषांतर जातं, आणि त्याच सुमारास गावात काय घडलं ती तारीख त्याला चिकटून जाते. बचाव करायचा तो या तिघांशी. मंडळी, तुमचं काय मत?

कोरा कागद | रविवार, रात्री १०.०५

काका, जोडे मारो वाचून फुटलो. पण राजद्रोहाचं कलम आता गेलं ना? मग कशाची भीती? कोणी जाणकारांनी कलमं सांगा.

वकीलीणबाई | रविवार, रात्री ११.३०

गेलं म्हणणं घाईचं होईल. ११ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने राजद्रोहाच्या १२४अ ची अंमलबजावणी थांबवली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात 'राजद्रोह' हा शब्द नाही. पण कलम १५२ आहे. शब्दांनी, लेखी वा तोंडी, किंवा इलेक्ट्रॉनिक साधनांनी फुटीरपणा, सशस्त्र बंड, विध्वंसक कारवाया यांना चिथावणी दिली, देशाचं सार्वभौमत्व धोक्यात आणलं, तर जन्मठेप किंवा ७ वर्षांपर्यंत शिक्षा. जुन्या कलमात जन्मठेपेच्या खालोखाल ३ वर्षं होती. तेव्हा हिशेब तुम्हीच करा. गटागटांत वैर पसरवण्याचं जुनं १५३अ आता १९६ झालंय.

पण कलमांच्या आधी एक फरक लक्षात घ्या. लेखन खटल्यात दोन वाटांनी येतं. पहिली वाट, लेख हाच गुन्हा. दुसरी वाट, गुन्हा वेगळाच, आणि लेख त्याचा पुरावा. दंगल झाली, तुम्ही तिथे होता, आणि चार महिन्यांपूर्वी तुम्ही काय लिहिलं होतं ते तुमचा इरादा दाखवायला पुढे आणलं जातं. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम १४ मध्ये मनःस्थिती दाखवणाऱ्या गोष्टी पुराव्यात घेता येतात असं होतं. तिथलं एक उदाहरणच अब्रुनुकसानीचं आहे: त्याच माणसाविषयी आरोपीने आधी छापलेला मजकूर त्याचा आकस दाखवायला चालतो. नव्या कायद्यातही तत्त्व तेच. लोक पहिल्या वाटेला घाबरतात. मला दुसरी जास्त निसरडी वाटते, कारण तिथे लेख स्वतः बेकायदा असावाच लागत नाही.

जुना रद्दीवाला | सोमवार, सकाळी ७.१५

वाह बाई, दुसऱ्या वाटेचं जुनं आणि घरचं उदाहरण देतो. १९०८ चा टिळकांचा खटला.

३० एप्रिल १९०८ ला मुझफ्फरपूरला बॉम्ब पडला, दोन इंग्रज स्त्रिया गेल्या. 'केसरी'त १२ मे ला 'देशाचे दुर्दैव' आणि ९ जूनला 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हे लेख आले. २४ जूनला मुंबईत अटक, पाठोपाठ पुण्याच्या घराची झडती. त्या झडतीत एक पोस्टकार्ड सापडलं. त्यावर स्फोटकांवरच्या दोन पुस्तकांची नावं लिहिलेली. एवढंच. कार्ड कुणाला पाठवलेलं नाही, पुस्तकं घरात नाहीत. तरी सरकार पक्षाने ते पुराव्यात ठेवलं. टिळकांचं उत्तर साधं होतं: स्फोटकांचा नवा कायदा येत होता, त्यावर टीका लिहायची तर त्यातल्या व्याख्या तपासायला पुस्तकं नकोत का? ९ जूनचा लेख त्या कायद्यावर होताही. पण ज्यूरीच्या हातात एकीकडे बॉम्बवरचा लेख आणि दुसरीकडे हे कार्ड. संपादकाचं टिपण बघता बघता कटाचा धागा झालं.

त्यात खटला ज्या दोन लेखांवर, त्यांच्या जोडीला 'केसरी'तले इतरही लेख हेतू दाखवायला दाखल केले होते. म्हणजे बाईंची दुसरी वाट पहिल्या वाटेच्या आत शिरली.

दुभाष्या | सोमवार, सकाळी ८.००

रद्दीवाले, माझ्या तोंडचा घास काढलात. आणि भाषांतर? ज्यूरीत ७ युरोपियन, २ पारशी. मराठी जाणणारी ज्यूरी द्या ही मागणी फेटाळली होती. ज्या भाषेत गुन्हा घडला म्हणता, ती भाषा निकाल देणाऱ्यांच्या घरची नाही! टिळकांनी सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी स्वतः घेतली, शब्दाशब्दावर अडवलं. त्या भाषांतरकाराबद्दल माझ्या मनात कायम एक चोरटी सहानुभूती आहे. संपादकीयातलं 'माथेफिरू' घ्या. वेडा? अतिरेकी? संतापाने भान सुटलेला? तिन्ही शब्द तिथे बसतात, आणि तिघांची शिक्षा वेगळी.

मीच तो | सोमवार, सकाळी ९.२०

ज्यूरीने ६ विरुद्ध ३ असा निकाल दिला होता ना?

जुना रद्दीवाला | सोमवार, सकाळी ९.५०

तो १८९७ चा. दोन खटल्यांची सरमिसळ नेहमी होते. १९०८ ला ७ विरुद्ध २, सहा वर्षं काळं पाणी आणि १००० रुपये दंड, मंडाले. न्यायमूर्ती दावर. हेच दावर १८९७ ला टिळकांचे वकील म्हणून त्यांच्या जामिनासाठी उभे राहिले होते. नशीब म्हणतात ते असं.

१८९७ चं प्रकरण धाग्याला आणखी जवळचं आहे. १५ जूनच्या 'केसरी'त शिवाजी उत्सवातल्या भाषणांचा वृत्तांत आला, अफझलखानाच्या वधाची चर्चा त्यात होती, शिवाय 'शिवाजीचे उद्गार' ही कविता. २२ जूनच्या रात्री पुण्यात प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या. मध्ये फक्त सात दिवस! टिळकांवर खुनाचा आरोप नव्हता. पण दुभाष्यांच्या यादीतली 'तारीख' बघा कशी चिकटते. दोन-अडीचशे वर्षांपूर्वीच्या वधाची चर्चा करणारा लेख त्या सात दिवसांमुळे ताज्या खुनाच्या शेजारी जाऊन बसला. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला 'अप्रीती'चा अर्थ सांगितला तो प्रीतीचा अभाव. म्हणजे सरकारवर माया नाही एवढं पुरे. दीड वर्ष सक्तमजुरी. बरोबरचा छापखानेवाला मात्र सुटला.

निवृत्त अण्णा | सोमवार, दुपारी २.१०

सगळे लेखकाच्या बाजूने बोलताय, म्हणून दुसरी बाजू मांडतो. मी खात्यात होतो. गाव सांगत नाही. एका रात्री एक पानी पत्रक वाटलं गेलं. नाव नाही, छापखाना नाही. त्यात कुणाला मारा असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. फक्त एका गल्लीचं नाव, तिथे म्हणे काय काय साठवलंय, आणि शेवटी 'आता तुम्ही ठरवा'. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता त्या गल्लीतली बेकरी जळत होती. भट्टीतले पाव काढायलाही कुणाला वेळ मिळाला नाही. मी स्वतः पाण्याचा पाइप धरून उभा होतो.

तुमची तिरडी मला कळते हो. मी चाळीसेक तिरड्यांना बंदोबस्त दिलाय, एकीत तर पुतळ्याला माझीच जुनी टोपी घातली होती. पण 'आता तुम्ही ठरवा' हे तीन शब्दही मला कळतात. तिथे भाषांतर, संदर्भ, कलास्वातंत्र्य सगळं खरं, पण बेकरी जळाली.

वकीलीणबाई | सोमवार, सायंकाळी ६.४५

अण्णा, तुमच्या पत्रकाला कोणतंही शहाणं कोर्ट सोडणार नाही आणि सोडू नये. कायद्याची इतक्या वर्षांची धडपड तुमची बेकरी आणि दुभाष्यांची तिरडी यांत रेघ ओढायचीच आहे.

१९६२ ला केदारनाथ सिंह प्रकरणात घटनापीठाने १२४अ टिकवलं, पण हिंसेला चिथावणी किंवा सार्वजनिक सुव्यवस्था बिघडवण्याचा कल असेल तरच गुन्हा, असा त्याचा आकार कापून घेतला. स्ट्रॅचींचा 'प्रीतीचा अभाव' तिथे निकालात निघाला. १९८९ च्या रंगराजन निकालात दारूगोळ्याच्या कोठारातल्या ठिणगीची उपमा आहे: शब्द आणि धोका यांचं नातं इतकं थेट हवं. २०१५ ला श्रेया सिंघलमध्ये चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी अशा तीन पायऱ्या सांगितल्या. पहिल्या दोन पायऱ्यांवर राज्याने हात लावायचा नाही. तुमची बेकरी तिसरीवर, कारण गल्लीचं नाव होतं, आणि हातात एका रात्रीचा अवधी होता.

आणि शब्द कुणाच्या कानाने ऐकायचे? याचं उत्तर आमच्या नागपूरचं आहे, म्हणून मला फार लाडकं. १९४७ च्या सुमारास नागपूर उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी लिहिलं की कसोटी विचारी, खंबीर, धीट माणसाची लावायची. प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्या डळमळीत मनाची नाही. सर्वोच्च न्यायालय ही कसोटी पुन्हा पुन्हा वापरतं. मार्च २०२५ ला गुजरातमधल्या कवितेच्या प्रकरणातही तीच वापरली. शिवाय तीन वर्षं किंवा जास्त, पण सातपेक्षा कमी शिक्षेच्या अशा गुन्ह्यांत पोलिसांनी आधी १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची नव्या नागरिक सुरक्षा संहितेतली सोय वापरावी, असंही तिथे सांगितलं.

अण्णांना मात्र एक कबूल करते. ही सगळी तत्त्वं निकालाच्या दिवशी भेटतात. अटक पहिल्या दिवशी होते.

कोरा कागद | सोमवार, रात्री ८.३०

बाई, शेवटचं वाक्य वाचून पोटात गोळा आला. पण कवितेला जन्मठेप वगैरे खरंच होते का? की हे फक्त बोलायचं?

जुना रद्दीवाला | सोमवार, रात्री ९.१०

झालीय. बाबाराव सावरकर, नाशिक, १९०९. छोट्या पुस्तिकेतल्या कविता. वरवर पाहता पुराण, इतिहास, देव आणि दैत्य. राज्यकर्त्यांचं नाव कुठेही नाही. १२४अ तर लागलंच, त्यावर १२१ ही लागलं, म्हणजे युद्ध पुकारण्यास चिथावणी. जन्मठेप काळं पाणी, आणि उच्च न्यायालयाने कायम केली. तलवार उपसा म्हटलं की ती रूपकातली आहे असं सांगून सुटका नाही, ऐकणारे आज कुणाच्या राज्यात राहतात ते बघायचं, असा त्या युक्तिवादाचा रोख.

त्याच वर्षाच्या आगेमागे आणखी बरेच मराठी संपादक आत गेले. 'काळ'कर्ते शि. म. परांजपे १९०८ लाच. त्यांची उपरोधाची शैली अशी की ओळ उचलली तर स्तुती वाटावी आणि लेख वाचला तर चिंधड्या. उताऱ्याचा धोका वक्रोक्तीला सर्वांत जास्त. गंमत म्हणजे तिथे सबंध लेख वाचणंच लेखकाच्या अंगाशी येतं. दुभाष्या, तुमच्या 'सबंध वाचा'ला हा एक टोला समजा.

दुभाष्या | सोमवार, रात्री ९.३०

टोला मान्य. सबंध वाचल्यावर लेखक सुटतोच असं माझं म्हणणं नाही. तो जे बोललाय त्यासाठी आत जावा, जे बोलला नाही त्यासाठी नको.

१९१६ चं विसरू नका मात्र. होमरूलची भाषणं, बेळगाव आणि नगरची. पुण्याच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटने टिळकांकडून २०,००० चा जातमुचलका आणि १०,००० चे दोन जामीन मागितले. उच्च न्यायालयात बॅचलर आणि शहा यांच्यापुढे जीना उभे राहिले. न्यायमूर्तींनी भाषणं सुटी वाक्यं म्हणून न वाचता सबंध वाचली, आणि नोव्हेंबरमध्ये हुकूम रद्द झाला. तोच माणूस, तीच जहाल मराठी, तेच कलम डोक्यात ठेवून झालेली चौकशी. फरक वाचण्यात.

मीच तो | मंगळवार, सकाळी १०.००

लिहिण्याचं सोडा, वाचण्याचं काय? घरातल्या पुस्तकांवरून माणूस अडकतो हे मध्यंतरी फार गाजलं होतं. माझ्या कपाटात तर सगळ्या बाजूंचं सगळं आहे. बायको म्हणते एक बाजू ठेव आणि बाकीची रद्दीत दे, जागा तरी होईल.

वकीलीणबाई | मंगळवार, दुपारी १.२०

गाजलं ते ऑगस्ट २०१९. एल्गार परिषद प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयात जप्त पुस्तकांची यादी वाचताना 'वॉर अँड पीस' हे शब्द आले आणि देशभर टॉलस्टॉयचे विनोद सुरू झाले. ते पुस्तक प्रत्यक्षात पश्चिम बंगालमधल्या जंगलमहालवरचं होतं, टॉलस्टॉयचं नव्हतं, हे दुसऱ्या दिवशी स्पष्ट झालं. उताऱ्याचा बळी यावेळी न्यायमूर्ती ठरले! त्याच प्रकरणात जुलै २०२३ ला दोघांना जामीन देताना सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की नुसतं साहित्य बाळगणं, ते हिंसेचा प्रचार करणारं असलं तरी, तेवढ्यावरून यूएपीए या बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायद्यातले दहशतवादाचे गुन्हे ठरत नाहीत. तोवर त्यांची जवळपास पाच वर्षं आत गेली होती. वहिनींना सांगा, कपाट राहू द्या.

निवृत्त अण्णा | मंगळवार, दुपारी ३.००

जप्तीबद्दल मीही थोडं सांगतो. पंचनाम्यात पुस्तकाचं नाव लिहितो तो हवालदार. रात्रीचे दोन वाजलेले, घरात पोरं रडतायत, दोन पंच जांभया देतायत. तो मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरात जे दिसेल ते लिहितो. लेखक, प्रकाशक, आतला विषय कोण बघतो? वरून 'आक्षेपार्ह साहित्य, नग १४' असा मथळा. नगावर मोजतात हो पुस्तकं, पातेल्यांसारखी. मीही तसंच लिहिलंय.

कोरा कागद | मंगळवार, सायंकाळी ५.४०

आणि स्क्रीनशॉट? कोणीही माझ्या नावाने काहीही बनवेल.

वकीलीणबाई | मंगळवार, सायंकाळी ७.१५

नुसती छापील प्रत पुढे करून भागत नाही. इलेक्ट्रॉनिक नोंदीची दुय्यम प्रत दाखल करायची तर सोबत कायद्याने ठरवलेलं प्रमाणपत्र लागतं, जुन्या भाषेत ६५ब चं. जुलै २०२० ला जालन्याच्या निवडणूक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते बंधनकारक असल्याचं पुन्हा स्पष्ट केलं. शिवाय मजकूर तुझ्या खात्यावरून गेला हे एक, आणि तूच टाइप केला हे दुसरं. दोन्ही सिद्ध करावं लागतं. म्हणून एक व्यावहारिक सल्ला: वाद झाला म्हणून पोस्ट उडवू नकोस. तू उडवलीस की तुझा सबंध मजकूर नाहीसा होतो आणि फिर्यादीचा अर्धा कापलेला स्क्रीनशॉट तेवढा उरतो. वर 'पुरावा नष्ट केला' हे ऐकावं लागतं ते निराळंच.

कोरा कागद | मंगळवार, सायंकाळी ७.२५

बरं झालं विचारलं, आत्ताच एक उडवणार होतो. दुभाष्याकाका, तुम्ही तिरडीचं शेवटी काय केलंत ते सांगितलंच नाही.

दुभाष्या | मंगळवार, रात्री १०.१०

शब्द तसाच ठेवला, इंग्रजी लिपीत 'तिरडी'. त्याच्या डोक्यावर चांदणी काढली आणि पानाच्या तळाशी चार ओळींची टीप लिहिली: ही निषेधाची रूढ पद्धत आहे, पुतळ्याची अंत्ययात्रा असते, यात कुणाच्या जिवाला धोका अभिप्रेत नाही वगैरे. 'जोडे मारू' लाही तसंच. मला वाटलं, झकास काम केलं.

मग त्या भाषांतराच्या प्रती निघाल्या. माझा कागद लीगल आकाराचा, यंत्रात घातलेला छोटा. प्रत्येक पानाच्या खालच्या दोन बोटं ओळी उडाल्या. न्यायमूर्तींपुढे गेलेल्या प्रतीत चांदण्या दोन, टीप एकही नाही. त्यांनी विचारलं, "ही चांदणी कशाची?" सरकारी वकिलांना माहीत नव्हतं. पत्रक लिहिणाऱ्या पोराच्या वकिलांनाही नव्हतं, त्यांनीही तीच प्रत वाचलेली. मूळ कागद मागवा म्हणून तीन आठवड्यांची तारीख पडली. मूळ आल्यावर पाच मिनिटांत उलगडा झाला, पण ते तीन आठवडे त्या पोराने कसे काढले असतील ते मला विचारू नका.

तेव्हापासून मी टीप तळाशी लिहीत नाही. शब्दाच्या शेजारीच, ओळीत लिहितो. वरिष्ठ चिडायचे, भाषांतर गबाळं दिसतं म्हणायचे. दिसू दे.

निवृत्त अण्णा | मंगळवार, रात्री १०.३०

आणि तिरडी? निघाली का त्या सोमवारी?

दुभाष्या | मंगळवार, रात्री १०.४०

निघाली म्हणे. मडकं धरायला कुणी तयार होईना, म्हणून तासभर उशिरा.